फायनान्समध्ये जायचंय? आधी ‘येणे व्याज’ कुठं छापलंय ते बघा

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की बेळगावात आमच्या शहापुरातल्या घरी रविवारी चपलांचा ढीग वाढतो. कुणाची पुतणी, कुणाचा धाकटा, बरोबर आई नाहीतर मामा, आणि हातात मार्क्स कार्डाची झेरॉक्स. “ताई, हिला फायनान्समध्ये जायचं म्हणतेय. काय ते नीट सांगा बघू तिला.”

मी पहिला प्रश्न ठरलेला विचारते. फायनान्समध्ये म्हणजे नेमकं काय करायचंय? मुली आईकडे बघतात. मुलं बहुतेक वेळा खिशातून मोबाइल काढतात आणि ट्रेडिंगचं ॲप दाखवतात. गेल्या रविवारी एकाने मला ऑप्शनचा, म्हणजे शेअरच्या भावाच्या चढउतारावर करायच्या सौद्याचा, चार्ट दाखवला, हिरव्या-तांबड्या काड्यांचा. मी त्याला शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेला अभ्यास उघडून दिला. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि ही माणसं एक कोटीच्या वर होती. पोरगा म्हणाला, “म्हणजे सात टक्के कमावतात की ओ!” यावर मी काय बोलणार? त्याच्या मामाने मात्र मोबाइल काढून घेतला.

आता मी या धंद्यात कशी आले ते सांगते. सल्ल्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल असं वाटतं.

बाबा पिग्मी एजंट होते. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, रोज संध्याकाळी दुकानादुकानातून दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करून सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, भरायचे, ती पिग्मी. कल्पना मूळची उडुपीकडची. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नाव झालेल्या बँकेने १९२८ साली रोजच्या दोन आण्यांवर ती सुरू केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली, पण पिग्मी गेली नाही. बेळगावच्या बाजारात आजही कितीतरी जणांची मुलीच्या लग्नाची आणि गणपतीच्या खर्चाची तजवीज पिग्मीतूनच होते.

सातच्या सुमाराला बाबांची फेरी सुरू व्हायची. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, आणि मग कपिलेश्वरच्या बाजूने शहापुरात घरी. दहावीनंतरच्या सुट्टीत त्यांचा गुडघा धरला, तेव्हा स्कूटी चालवायला म्हणून मी बरोबर जायला लागले आणि मग जातच राहिले. कार्बन घातलेलं पावतीबुक, रबर लावलेली पासबुकांची चळत आणि निळ्या रेक्झिनची पिशवी. फूलवाल्या मावशीची नोट कायम ओली असायची, ती बाबा वेगळी ठेवायचे, नाहीतर बाकीच्या चिकटायच्या. बांगड्यांच्या दुकानातला मालक पैसे द्यायच्या आधी मागच्या पानावरची बेरीज स्वतः करून बघायचा. बाबांना त्याचा राग यायचा नाही. “हा एकच माणूस शहाणा,” म्हणायचे. कमिशन शेकडा तीन. म्हणजे हजार गोळा केले की तीस रुपये, आणि त्यात पेट्रोल आपलं.

पैसा हा प्रकार मी तिथे पाहिला. कुठल्या महिन्यात कोण ढिला पडतो, शाळा सुरू होताना कोण पिग्मी मोडतो, पावसाळ्यात कुणाचे दहाचे पाच होतात. कॉलेजात नंतर कॅश फ्लो शिकवला तेव्हा मला तो फूलवाल्या मावशीच्या पासबुकासारखाच दिसत होता.

मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा ती सोसायटी बसली. नाव लिहीत नाही. जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि वसुलीचं काम अजून चालू आहे. आधी “उद्या या” सुरू झालं, मग शटर अर्धं, मग पूर्ण. लोक सोसायटीच्या दारात दोन दिवस थांबले आणि मग आमच्या दारात आले. भांडायला नाही बरं का. नुसते पायरीवर बसायचे. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “आमी सोसायटी कुठं बघितलाव ओ? तुमच्याकडं बघून भरलाव पैसे.” बाबा आत जाऊन चहा टाकायला सांगायचे. दुसरं काय करणार? आमचेही पैसे त्यातच होते.

एका रात्री मी बाबांच्या ट्रंकेतून त्या सोसायटीचे जुने वार्षिक अहवाल काढले. दरवर्षी सप्टेंबरात सर्वसाधारण सभा व्हायची, सभासदांना अहवाल आणि एक स्टीलचा डबा मिळायचा. डबे सगळ्यांच्या घरी आहेत, अहवाल कुणाच्याच नाहीत. आमच्या ट्रंकेत होते, कारण बाबा छापील कागद टाकत नाहीत.

मला तेव्हा ताळेबंद जेमतेम कळायचा. तरी एक ओळ डोळ्यात खुपली. मालमत्तेच्या बाजूला ‘येणे व्याज’. पहिल्या वर्षी नफ्याच्या निम्म्याएवढं, पुढच्या वर्षी नफ्याएवढं, त्यानंतर नफ्याच्या कितीतरी पट. दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या सरांकडे तो कागद घेऊन गेले. सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “हे कुठून आणलंस?”

गोष्ट अशी आहे. समजा सोसायटीने कुणाला दहा लाख कर्ज दिलं. त्याने हप्ता भरला नाही. तरी वहीत व्याज लावलं जातं: उत्पन्नाच्या बाजूला ‘कर्जावरील व्याज’ आणि मालमत्तेत ‘येणे व्याज’. दमडी आलेली नसते, पण कागदावर नफा दिसतो. कर्ज थकीत असेल तर त्या व्याजापोटी तेवढी तरतूद करायला हवी, तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढायला हवी, म्हणजे तो फुगलेला नफा परत खाली येतो. तरतूद केली नाही की नफा तसाच राहतो, त्यातून लाभांश वाटला जातो, आणि तो लाभांश कुणाच्या पैशातून जातो? फूलवालीच्या. ऑडिटरने आपल्या अहवालात हे लिहिलं होतं की. शेवटून तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, “थकीत व्याजाची तरतूद कमी आहे.” सभेत कुणी ते पान उघडलं नाही.

बँक आणि सोसायटी यातला फरकही मला त्याच आठवड्यात कळला, जो बाजारात अजून अनेकांना माहीत नाही. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. तेव्हा एक लाखापर्यंत होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाला. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. सोसायटीला, म्हणजे पतसंस्थेला, मात्र नाही. आमच्या भागात तर सोसायटीच्या पाटीवर काय लिहिलंय तेही बघावं लागतं. कुणी १९५९ च्या कर्नाटक सहकार कायद्याखाली, कुणी १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली, आणि निपाणी-कोल्हापूर दोन्हीकडे शाखा काढणारे २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली. तक्रार कुठे करायची ते त्यावर ठरतं. पायरीवर बसलेल्या त्या माणसांना हे कोण सांगणार होतं?

मग मी सीए करायचं ठरवलं. आईला वाटत होतं बँकेची परीक्षा द्यावी आणि मोकळं व्हावं. चुकीचं काही नव्हतं तिचं, त्याविषयी पुढे लिहिते.

सीएचा रस्ता आता जरा बदललाय, म्हणून आताचं सांगते. पीयूसीनंतर फाउंडेशन, चार पेपर, त्यातले दोन पर्यायी उत्तरांचे आणि चुकलं की पाव गुण कापणारे. मग इंटरमीजिएट, दोन ग्रुप, सहा पेपर. मग आर्टिकलशिप, म्हणजे एखाद्या सीएच्या हाताखाली काम शिकायचं, आणि फायनलचे पुन्हा सहा पेपर. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात, आणि या एकूणातच पोरं अडकतात. एका विषयात ४१ आले म्हणून पेढे वाटायचे नसतात. आर्टिकलशिप आमच्या वेळी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. कॉमर्सचे पदवीधर ५५ टक्के असतील तर फाउंडेशन टाळून थेट इंटरला नाव घालता येतं. मी तशीच गेले. पीयूसीला कुठलं कॉम्बिनेशन घ्यायचं असं विचाराल तर हेबापेक्षा (इतिहास, अर्थशास्त्र, बिझनेस, अकाउंट्स) सेबा घ्या, त्यात इतिहासाच्या जागी स्टॅटिस्टिक्स असतं. इतिहास वाईट नाही, पण स्टॅटिस्टिक्स केलेलं असेल तर फाउंडेशनचा गणिताचा पेपर अंगावर येत नाही.

काही अटेम्प्ट गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्यांचे जातात.

आर्टिकलशिपवर मात्र लिहिण्यासारखं आहे. ज्या सीएंकडे मी ती केली ते माझे सर टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ. स्टायपेंड पेट्रोल आणि चहापुरता. मैत्रिणी पुण्याला मोठ्या फर्ममध्ये गेल्या, एसीत बसून एकाच कंपनीची एकाच प्रकारची व्हाउचर वर्षभर तपासत होत्या. मी उद्यमबागमध्ये, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, धातूच्या ओतकामाच्या फाउंड्रीत वाळूत उभी होते.

३१ मार्चचा स्टॉक मोजायचा होता. फाउंड्रीवाल्याचं बँकेत सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट लिमिट होतं: माल आणि येणी तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज. सीसीत बँक दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट मागते: माल किती, येणी किती, देणी किती. नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी साधारणपणे धरत नाहीत, मग मार्जिन, म्हणजे मालकाचा स्वतःचा वाटा, कापून जेवढं उरतं तेवढे पैसे उचलता येतात. म्हणजे स्टॉक जितका जास्त दिसेल तितकं बरं. अंगणात कास्टिंगचे तीन ढीग होते, वर चकचकीत ग्राइंडिंग केलेले तुकडे. सुपरवायझर वजन सांगत होता, मी लिहीत होते. सरांनी मला जाताना एवढंच सांगितलं होतं, “वरचं मोजू नको, खालचं उलटव.” मी तिसऱ्या ढिगातला खालचा एक व्हॉल्व्हचा बॉडी उलटवला. मागच्या बाजूला तांबड्या रंगाची फुली. दुसरा उलटवला, फुली. फुलीशेजारी बोट जाईल एवढं भोक होतं, ब्लो होल म्हणतात ते, आत वायू अडकला की पडतं. म्हणजे रिजेक्शन. ते पुन्हा भट्टीत जाणार, त्याची किंमत भंगाराची. यादीत मात्र तयार मालाच्या भावाने लागलं होतं.

“ओ मॅडम, हात खराब होतील,” सुपरवायझर म्हणाला.

हात झालेच होते खराब. मालकांनी सरांना फोन केला, आवाज चढला. सर ऐकून घेत होते, मधेच “हं, हं”. फोन ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “काढ ते यादीतून.” त्या फाउंड्रीचं लिमिट थोडं खाली आलं. पुढच्या वर्षी ती पार्टी दुसऱ्या सीएकडे गेली. सरांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, पण त्या वर्षी ऑफिसचा नवा एसी मात्र लांबला.

मला वाटतं, फायनान्समध्ये जाऊ का, या प्रश्नाचं उत्तर अशा दिवशी मिळतं. आकडे आवडतात म्हणून येणारे पुष्कळ असतात. पण समोरचा माणूस चहा-बिस्किटं पुढे करत असताना “खालचा ढीग बघू दे” म्हणता येणं हा वेगळा स्वभाव आहे. तो नसेल तर या कामात माणूस गुदमरतो. फायनान्समध्ये इतर कामं आहेत, त्यात जावं.

मी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आणि थोड्याच दिवसांत, १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला. नव्या माणसाला ते बरंच झालं, कारण त्या दिवशी जुने-नवे सगळेच अडाणी होते. आणि सीमेवरच्या गावात जीएसटीची मजा काही और. नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे: आपले कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. माझ्या एका काजूवाल्या क्लायंटचं दुकान बेळगावात आणि गोडाउन शिनोळीला. शिनोळी म्हणजे स्कूटरवरून जाऊन यावं एवढं जवळ, पण चंदगड तालुका, म्हणजे २७. तो मला विचारायचा, “माझ्याच गोडाउनातनं माझ्याच दुकानात पोतं आणायचं, तर टॅक्स कुणाला?” पण कायद्याच्या नजरेत दोन राज्यांतल्या दोन नोंदण्या म्हणजे दोन वेगळी माणसं. बिल करायचं, आयजीएसटी म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर लावायचा, माल पन्नास हजारांवर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, काढायचं, आणि इकडे आल्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घ्यायची. शिवाय सालीसकट काजूबी शेतकऱ्याकडून घेतली तर त्यावरचा कर शेतकरी नाही, घेणारा नोंदणीकृत व्यापारी भरतो. निपाणीत तंबाखूच्या पानांचंही तसंच. हे सगळं त्याला समजावताना मला जे कळलं ते क्लासमध्ये कधी कळलं नव्हतं. आता तो दर ११ तारखेच्या आत विक्रीची यादी स्वतःहून पाठवतो आणि २० तारखेच्या आत कर भरल्याचा मेसेज मलाच करतो.

आता आईच्या मुद्द्यावर येते, बँकेच्या परीक्षा. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसची क्लार्कची किंवा ग्रामीण बँकेची परीक्षा द्यायची तर फॉर्म भरताना राज्य निवडावं लागतं आणि तिथली भाषा यावी लागते. मराठी माध्यमातली आमची मुलं इथे दचकतात. काही जण महाराष्ट्र भरतात, ते ठीकच आहे. पण पेपर मराठीतून देता येतो एवढ्यावर गाडी थांबवू नका. कन्नड वाचायला शिका. सीमाप्रश्नावर घरी जे मत असेल ते असू दे, सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा आहे, त्याचं जे व्हायचं ते होईल. पीककर्जाच्या फाइलीतला उतारा मात्र आज कन्नडमध्येच येतो. बँक ऑडिटला गेले की मी तो स्वतः वाचते: मालक कोण, बोजा कुणाचा, ऊस खरंच आहे की नुसता लिहिलाय. सुरुवातीला शिपायाला विचारायची. मग एकदा वाटलं, ज्या कागदावर मी सही करणार तो शिपायाने वाचून दाखवायचा हे काही बरं नाही. बाजारातल्या पाट्या वाचत वाचत जमलं. मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत हिशेब विचारू शकणारी मुलगी बेळगावात उपाशी राहत नाही, हे मी लिहून देते.

ज्यांना ऑडिटही नको आणि बँकही नको, पण लोकांशी बोलायला आवडतं, त्यांच्यासाठी म्युच्युअल फंडाचं वितरण आहे. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची परीक्षा, शंभर प्रश्न, दोन तास, पन्नासला पास. मग एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी नंबर. परीक्षा सोपी आहे. अवघड आहे ते बाजार पडल्यावर ग्राहकाचा फोन उचलणं. बाबांचे दोन जुने सहकारी पिग्मी सोडून यात आलेत आणि छान करतायत, कारण पायरीवर बसलेल्या माणसाला तोंड कसं द्यायचं ते त्यांना आधीच येतं.

पुण्याला जावं का, हा प्रश्न दर रविवारी असतोच. जावं की. तिथे मोठ्या कंपन्यांची कामं दिसतात, इंग्रजी सुधारतं, पगार इथल्यापेक्षा बरा. फक्त “बेळगावात काय ठेवलंय” असं म्हणत जाऊ नये. उद्यमबाग आहे, वडगावचे माग आहेत, गल्लीगल्लीत सोसायट्या आहेत, आणि या सगळ्यांना हिशेब समजणारं माणूस कमीच पडतं.

तर पोरांनो, सप्टेंबर येतोय. घरात कुणी ना कुणी कुठल्या तरी सोसायटीचा सभासद असतोच. डबा आईला द्या आणि अहवाल घेऊन माझ्या ऑफिसला या. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्या दिवशी मला वेळ असतो. ‘येणे व्याज’ शोधा, नफ्याशेजारी लिहा, मागच्या वर्षीचा अहवाल मिळाला तर तोही आणा. आणि इंटर झालेल्यांसाठी: माझ्याकडे एका आर्टिकलची जागा आहे. दुचाकी यायला हवी, कन्नड पाटी वाचता यायला हवी, आणि ३१ मार्चला सुट्टी मिळणार नाही हे घरी आधीच सांगून यायला हवं. मुलाखतीला चांगले कपडे घालून येऊ नका, मी उद्यमबागला घेऊन जाणार आहे.